डीबीएस आणि माझे अडणारे पाय

दारापाशी आले की माझे पाय जमिनीला चिकटायचे. जिना मात्र बऱ्यापैकी चढायचे, त्यामुळे बघणाऱ्यांना वाटायचं, ही नाटक करते. पार्किन्सन्समध्ये हे असंच असतं. पायरीची कड डोळ्यांना दिसते आणि पाऊल आपोआप उचललं जातं. सपाट जमिनीवर, अरुंद दारात, वळताना मात्र ते अडतं. वरचं अंग पुढे जातं, पाय जागच्या जागी थरथरत राहतात आणि माणूस तोंडावर पडतो. अशीच पडून मनगट मोडलं, तेव्हा डीबीएसचा, म्हणजे डीप ब्रेन स्टिम्युलेशनचा विषय निघाला.

मेंदूत खोलवर बारीक तारा बसवून त्यांतून विजेचे सूक्ष्म ठोके देत राहायचे, अशी ही पद्धत. आजच्या स्वरूपातली सुरुवात फ्रान्समधल्या ग्रनोबलला अलीम-लुई बेनाबिद यांनी १९८७ मध्ये कंपावरच्या उपचारापासून केली. कंप थांबल्याचे व्हिडिओ पाहून लोक हुरळून जातात. मला कंपाचं फारसं काही नव्हतं. पाय सुटतील का, एवढंच हवं होतं.

न्यूरोलॉजिस्टनी हो किंवा नाही म्हणण्याआधी एक चाचणी घेतली, आणि माझ्या मते सगळ्या प्रक्रियेत तीच महत्त्वाची. रात्रीपासून, म्हणजे किमान बारा तास, लेव्होडोपा, म्हणजे माझी पार्किन्सन्सची नेहमीची गोळी, बंद. सकाळी मला व्हीलचेअरवरूनच आत न्यावं लागलं. बोटं आपटा, टाच आपटा, खुर्चीतून हात न टेकता उठा, चाला, वळा. प्रत्येक गोष्टीला गुण. शेवटी डॉक्टर मागे उभे राहून खांदे झटकन मागे ओढतात आणि आपण तोल सावरतो का ते बघतात. मी सरळ त्यांच्या अंगावर गेले. मग नेहमीपेक्षा जरा मोठा डोस दिला आणि तो भिनल्यावर सगळं पुन्हा करायला लावलं. गुणांमध्ये साधारण एक-तृतीयांश तरी फरक पडावा, अशी अपेक्षा असते. माझा त्याहून बराच जास्त पडला. पण वळताना पाय तेव्हाही थोडे अडलेच, आणि खांदे ओढल्यावर तोल गेला तो गेलाच.

डॉक्टर म्हणाले, "गोळीने जे सुधारतं, तेच साधारण मशीनने सुधारतं. कंप तेवढा अपवाद. गोळी उतरल्यावर तुमचे पाय अडतात, ते बरंच सुटेल. गोळी चढलेली असताना अडतात, ते बहुधा राहील. तोलाचं तर मी काहीच कबूल करत नाही." मुलगी जरा नाराज झाली. मला उलट त्या माणसाचा भरवसा वाटला.

त्यानंतर एमआरआय, स्मरणशक्तीच्या चाचण्या, मन उदास असतं का याची चौकशी. तारा कुठे बसवायच्या यावरही चर्चा झाली. मेंदूतल्या दोन जागांचा विचार होता. सबथॅलॅमिक न्यूक्लियसमध्ये बसवल्या तर गोळ्या बऱ्याच कमी करता येतात, पण बोलणं बिघडू शकतं. ग्लोबस पॅलिडसमध्ये बसवल्या तर गोळ्यांमुळे होणारे अंगाचे वेडेवाकडे हेलकावे थेट कमी होतात, गोळ्या मात्र फारशा घटत नाहीत. माझ्यासाठी पहिली जागा ठरली.

ऑपरेशनची लोकांना भीती वाटते, पण सांगण्यासारखं त्यात कमीच. डोक्याला फ्रेम बसवताना टोचतं, ड्रिलचा आवाज कवटीभर घुमतो, दुखत नाही. मी जागी होते. स्पीकरवर मेंदूतल्या पेशींचा आवाज येत होता, कागद चुरगाळल्यासारखा. डॉक्टर माझं मनगट हलवत होते. करंट सुरू झाला आणि ताठलेला हात बघता बघता सैल पडला. बॅटरी छातीत कॉलरबोनखाली बसवली ती मात्र पूर्ण भूल देऊन.

घरी आल्यावर मशीन बंद असूनही मी छान चालत होते. तार आत जाताना तिथल्या पेशींना जो धक्का बसतो, त्याचा हा तात्पुरता परिणाम. तो ओसरला आणि पाय पुन्हा चिकटले. हे आधी सांगून ठेवलं होतं म्हणून बरं, नाहीतर घरात रडारड झाली असती.

खरा कस लागला तो प्रोग्रॅमिंगमध्ये. ताठरपणा मिनिटभरात कमी होतो, म्हणून डॉक्टरांना तिथेच कळतं. चालण्यातला फरक उमगायला काही तास, कधी काही दिवस लागतात. सुरुवातीला सेकंदाला १३० ठोके, ही नेहमीची सेटिंग. हात मोकळे झाले, गोळी उतरल्यावरही घरात एकटीने फिरता येऊ लागलं. पण करंट वाढवत नेला तशी जीभ जड झाली आणि दारातलं अडणं परत वाढलं. मग ठोके ६० वर आणले. पाय सुटले, हाताला मात्र कधी नव्हे ती थरथर आली. शेवटी ८० वर बसवलं, करंट थोडा वाढवला आणि गोळ्या हळूहळू कमी केल्या. प्रत्येक बदलानंतर मुलगी माझा दारातून जाण्याचा आणि वळण्याचा व्हिडिओ काढायची, गोळीच्या आधी आणि नंतर. तपासायला गेलं की माणूस नेमका चांगला चालतो, त्यामुळे डॉक्टर तोच व्हिडिओ आधी मागायचे.

आता गोळी उतरण्याच्या वेळी माझे पाय क्वचितच अडतात. गर्दीत आणि घाईत वळताना अजून अडतात. तेव्हा मी थांबते, वजन एका पायावरून दुसऱ्यावर घेते, मनात एक-दोन मोजते आणि मोठा वळसा घेऊन वळते. हे फिजिओथेरपिस्टने शिकवलंय, मशीनने नाही. तोल कच्चाच आहे, म्हणून काठी आहे. आणि फिजिओकडे गेलं की पहिलं वाक्य ठरलेलं: डायथर्मीचा, म्हणजे यंत्राच्या लहरींनी खोलवर दिला जाणारा शेक मला अजिबात द्यायचा नाही, कारण त्याने तारेचं टोक तापून मेंदूला इजा होऊ शकते. मशीनचं कार्ड पर्समध्ये असतं, तरी मी ते तोंडानेही सांगते.