आयकार्डावरचा स्टार

गुरुवार, रात्रीचे पावणेबारा

स्टार सोनेरी आहे, नखाएवढा. आयकार्डाच्या मागे रक्तगट लिहिलाय, त्याच्या बरोब्बर वर चिकटवलेला. मला दिसलाच नव्हता. आठ सतराच्या लोकलमध्ये समोरच्या, मस्जिद स्टेशनला उतरणाऱ्या ताईंना दिसला. "काय गं, अप्रायझलला हल्ली स्टार देतात का तुमच्याकडे?" आजूबाजूच्या सगळ्या हसल्या. मीही हसले. कांजूरपर्यंत हसत होते. विक्रोळीला डोक्यात उजेड पडला, की हा तोच, चिकूच्या शाळेतला.

काल संध्याकाळी चिकूला विचारलं होतं मी, "मिळाला का रे स्टार?" म्हणाला, "मिळाला." कुठे आहे विचारलं तर, "आहे." एवढंच. मला कुकर लावायचा होता, मी पुढे विचारलं नाही.

आज घरी आल्या आल्या विचारलं. कार्टून बघत होता. मान न वळवता म्हणाला, "तुलाच मिळालाय ना तो." आवाजात राग नाही, रुसवा नाही. शेजारच्यांचं पार्सल चुकून आपल्याकडे आलं की आपण कसं निमूट नेऊन देतो, तसं.

टोमणा होता का तो? आठ वर्षांच्या पोराला टोमणा मारता येतो का? (माईंचा नातू आहे, येतही असेल.) की त्याला खरंच वाटलं, बिचारीने रात्री जागून केलं, तिला मिळायला हवा? दोन्हींतलं मला काय जास्त लागलं असतं, तेही कळत नाहीये.

झालं ते असं. शुक्रवारी रात्री शाळेचा मेसेज: सोमवारी 'स्प्रिंग सीझन'वर क्राफ्ट आणणे. इथे फाल्गुन चालू, म्हणजे पंचांगात अजून शिशिरच, आणि घरात पंखा पाचवर. पण ते असो. चैत्राची वाट बघत बसले तर पोराची परीक्षा येईल. मी मुकाट्याने मोबाइल घेतला आणि शोधलं. व्हिडिओ निघाला, 'फक्त दहा मिनिटांत. कामावर जाणाऱ्या आयांसाठी.' कागदाचे ट्युलिप, कापसाचा ससा, मागे पुठ्ठ्याचं कुंपण. व्हिडिओतल्या बाईची नखंसुद्धा रंगवलेली होती.

त्या दहा मिनिटांचा हिशेब एकदा लिहूनच ठेवते. शनिवारी आमचा हाफ डे, तेव्हा सुटल्यावर अब्दुल रेहमान स्ट्रीटला गेले. तिथे एक कागद मागितला की दुकानदार आपल्याकडे असं बघतो, जणू आपण वाण्याकडे एक तांदूळ मागितला. म्हणून घोटीव कागदाचं अख्खं पाकीट घेतलं. गर्दीतून जाऊन येऊन पाऊण तास. ट्युलिप सोपा असतो, चौकोनी कागदाचा त्रिकोण करायचा आणि दोन्ही टोकं तिरकी वर घ्यायची, हे चिकूला शाळेतच शिकवलंय. दांड्यांसाठी हिरवे स्ट्रॉ. प्लास्टिकचे बंद झाले ते २०२२ पासून, आता मिळतात ते कागदी, आणि फेव्हिकॉल जरा जास्त लागला की ते भिजून मान टाकतात. रविवारी रात्री साडेदहाला माझे पाचही ट्युलिप मान खाली घालून उभे होते, वर्गाबाहेर काढलेल्या पोरांसारखे. मग हेअर ड्रायर आणला. एका हाताने ड्रायर, दुसऱ्या हाताने कपड्यांचे चिमटे लावून कुंपण धरलेलं. फेव्हिकॉल दहा मिनिटांत धरतो, वाळत नाही. ते व्हिडिओत नसतं, तिथे पुढचा सीन थेट वाळलेला.

चिकू केव्हाच झोपला होता. मीच झोपवला होता. "तू झोप, मी नुसतं चिकटवून ठेवते."

नुसतं.

त्याच्या वाट्याला काय आलं होतं? सशाचा एक कान. तोही त्याने मोठा कापला, म्हणून तो झोपल्यावर मी छोटा केला.

हे लिहिताना हात जरा थांबला. कान छोटा केल्याचं कुणालाच सांगितलं नव्हतं. सोमवारी सकाळी त्याने उचलून बघितलं होतं. बोलला नाही काही. डबा घेतला, पाण्याची बाटली घेतली, ते कुंपण दोन्ही हातांनी सांभाळत बसमध्ये चढला. मला वाटलं, किती जपतोय. दुसऱ्याची वस्तू आपण जास्तच जपतो की.

आणि एक आहे. रविवारी दुपारी माईंकडून, चेंबूरहून, रिक्षाने येत होतो. हायवेला घाटकोपर सोडल्यापासून विक्रोळीपर्यंत कडेची ती गुलाबी झाडं भरून आली होती, पान दिसत नव्हतं. चिकू रिक्षाच्या बाहेर डोकं काढून बघत होता, मी शर्ट धरून ठेवला होता. म्हणाला, "आई, स्प्रिंगला ही झाडं करू या? कान साफ करायच्या काड्यांनी टिपके टिपके द्यायचे. आम्ही केलंय तसं." मी काय म्हणाले? "अरे, ट्युलिपचे कागद आणलेत ना आता." पाकीट आणलं होतं ना मी. अख्खं.

सात-आठ काड्या रबराने एकत्र बांधायच्या, गुलाबी रंगात बुडवायच्या आणि खोडावर टपटप. ती झाली असती दहा मिनिटं. शिवाय मुलाने केली असती.

चिडून माझ्या मनात आलं, ट्युलिप बघितलाय कुणी आपल्यात? मीही नाही. नंतर वाचलं तर ती गुलाबी झाडंही इथली नव्हेत, टॅबेबुया, मूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडची. म्हणजे तिथेही मला मोठेपणा घ्यायला जागा नाही. पण त्याने ती बघितली होती. धूर खात, रिक्षातून.

माझ्या आईने माझं एकही हस्तकलेचं काम करून दिलं नाही. तिला वेळ नव्हता आणि आम्हाला स्टार नव्हते. मी कारल्याएवढी वाकडी पणती करून नेली होती मातीची, ती बाईंनी खिडकीत ठेवली. घरी कुणी विचारलंही नाही. तेव्हा मला वाईट वाटलं होतं का? आठवत नाही. पणती आठवते. बुडाला माझ्या अंगठ्याचा खड्डा होता.

जाऊ दे. दिवसभर मी हा स्टार काढायचा म्हणत होते. ऑफिसच्या गेटवर कार्ड टेकवताना, जेवताना, परत येताना. नखाने टोक उचललंसुद्धा एकदा. नाही काढला. वॉचमन म्हणाला, "मॅडम, अभिनंदन." आता त्याला काय सांगणार. थँक्यू म्हणाले.

रात्री उद्याच्या डब्याची भेंडी चिरायला घेतली. स्टेशनबाहेरून आणलेली, जरा जूनच निघाली. देठं कापून बाजूला ढकलत होते आणि दिव्याखाली ती दिसली. आडवी कापलेली भेंडी, पाच कप्पे, पाच टोकं. स्टारच म्हणायचा. आम्हाला चित्रकलेच्या तासाला करायला लावायचे भेंडीचे ठसे, मी विसरूनच गेले होते. देठाचा तुकडा म्हणजे आयती मूठ.

काय शिरलं अंगात कोण जाणे. चिकूच्या दप्तरातून पोस्टर कलर काढले. लाल आणि पांढरा मिसळून गुलाबी केला, विजेच्या जुन्या बिलाच्या पाठीवर पहिला ठसा मारला. आला नुसता बुळबुळीत डाग. भेंडीच ती. मग देठं फडक्यावर उपडी ठेवली, पंख्याखाली पंधरा मिनिटं, पुन्हा पुसली. रंगात पाणी नाही घातलं. आता उमटला. फूल म्हणा, चांदणी म्हणा. एक भेंडी सहा कप्प्यांची निघाली, तिला मी दोनदा दाबलं. बिलाची पाठ भरली. मग सोसायटीच्या मीटिंगच्या नोटिशीची पाठ भरली. ह्यांनी आतून विचारलं, "झोपायचं नाही का?" म्हटलं, भाजी चिरतेय.

खरं तर ही भाजी नव्हती आणि प्रोजेक्टही नव्हता. कुणी मागितलं नव्हतं. मला मात्र बऱ्याच दिवसांनी बरं वाटत होतं, आणि त्याचीही जरा लाजच वाटत होती.

चिकू पाणी प्यायला उठला. दारात उभा राहून बघत होता, डोळे अर्धे मिटलेले.

"कुणाचा प्रोजेक्ट आहे?"

"कुणाचाच नाही."

"मग कशाला करतेस?"

ह्याला उत्तर नव्हतं. एक देठ त्याच्यापुढे सरकवलं. त्याने उभ्या उभ्या घेतलं, रंगात बुडवलं आणि सगळी जागा सोडून माझ्या सहा कप्प्यांच्या फुलावर नेम धरून दाबलं. दोन्ही फुलं एकमेकांत मिसळली, गोळा झाला. मी तोंड उघडलं होतं. मिटलं. त्याने आणखी तीन मारले, एक कागदाबाहेर, टेबलावर. सगळे तिरके. मग जांभई दिली.

"हात धुवायलाच पाहिजेत का?"

नको म्हटलं.

आत्ता आत जाऊन बघून आले. गालाखाली हात घेऊन झोपलाय. माईंनी दिवाळीला दिलेला पांढरा अभ्रा आहे आणि पोस्टर कलर अजून ओला होता. काढायला गेले तर जागा होईल. भेंडी चिरायची राहिलीच आहे निम्मी. अभ्र्याचं उद्या बघू.