सहार ते हीथ्रो: आईचं प्रमाणपत्र आणि मावशीचं

ताईचं बाळंतपण नोव्हेंबर 2021 मध्ये होतं आणि ती लंडनला. आई आणि मावशी दोघींनी जायचं, मी सोबत, असं घरात कधीच ठरलं होतं. आईने बीकेसीच्या जम्बो केंद्रात कोविशिल्ड या कोरोनाच्या लसीचे दोन्ही डोस घेतले होते. मावशीला तिच्या केंद्रावर कोव्हॅक्सिन मिळाली. तेव्हा जी मिळेल ती लस घ्यायची, एवढंच लोकांच्या हातात होतं.

15 ऑगस्टपासून दोन डोस घेऊन चौदा दिवस झालेल्यांना लोकलचा पास मिळू लागला. कोविन या सरकारी लसनोंदणी संकेतस्थळाच्या प्रमाणपत्रावर दोघी परळहून सीएसएमटीला जाऊन आल्या. ब्रिटनला मात्र तो कागद चालत नव्हता. सप्टेंबरात त्यांनी कोविशिल्ड मान्य केली, पण भारताचं प्रमाणपत्र नाही. म्हणजे 4 ऑक्टोबरच्या नियमांनुसार आई तिथे लस न घेतलेली ठरणार होती आणि तिला दहा दिवस विलगीकरणात राहावं लागणार होतं. लस पुण्यात बनलेली, मूळ ऑक्सफर्डची, तरीही! याचा मला मनापासून राग आला होता.

खरं तर कोविनचं प्रमाणपत्र कच्चं नव्हतं. त्या क्यूआर कोडमध्ये नाव, लस, तारखा आणि त्यावर डिजिटल स्वाक्षरी असते. एक अक्षर बदललं तरी स्वाक्षरी जुळत नाही. ती तपासायला प्रमाणपत्र देणाऱ्या देशाची सार्वजनिक किल्ली, म्हणजे स्वाक्षरी खरी आहे का हे पाहण्यासाठी उघड दिलेला कोड, लागते. युरोपीय संघाने 1 जुलैपासून नेमकं हेच केलं होतं: सदस्य देशांच्या किल्ल्या एकत्र ठेवल्या, त्यामुळे पोर्तुगालचा कोड जर्मनीत वाचता येई. आपल्या आणि ब्रिटनच्या मध्ये तशी सोय नव्हती. मग तपासणारा माणूस छापलेलं डोळ्यांनी वाचणार, आणि आपल्या प्रमाणपत्रावर पूर्ण जन्मतारीखच नव्हती. परदेशी जाणाऱ्यांसाठी जन्मतारखेचा नवा नमुना आला, आणि 11 ऑक्टोबरपासून कोविशिल्डवाल्यांचं विलगीकरण सुटलं.

आईचं आणखी एक काम उरलं होतं. पासपोर्टवर तिच्या नावात बाबांचं नाव आहे, आधारवर नाही, आणि प्रमाणपत्र आधारवरून निघालेलं. कोविनवर तक्रार नोंदवून नाव दुरुस्त केलं, पासपोर्ट क्रमांक जोडला, नवी प्रत काढली. हे मी मोबाइलवर केलं. घरात असं करणारं कुणी नसेल त्या बाईने काय करायचं, हा प्रश्न मला सगळ्या प्रवासभर सतावत राहिला.

निघताना टॅक्सी परळच्या हाफकिन संस्थेवरून गेली. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा जगाने या शहराच्या जहाजांवर बंधनं घातली. 1897 मध्ये इथून हजला जाणंही बंद झालं. त्याच वर्षी शास्त्रज्ञ हाफकिन यांनी मुंबईतच प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली. साथीत आपल्या शहराचा माणूस सीमेवर अडवला जाणं किती जुनं आहे, हे मला त्या रस्त्यावर पहिल्यांदा नीट जाणवलं.

टी-2 वर नेहमीची आंतरराष्ट्रीय विमानं अजून बंदच होती, एअर बबलमधली, म्हणजे दोन देशांच्या खास करारावर चालणारी, तेवढी सुरू. काउंटरवरच्या मुलीने आईचं प्रमाणपत्र हातात घेतलं आणि पासपोर्टशेजारी धरून वाचलं. कोड स्कॅन केला नाही. "आजी, जन्मतारीख जुळतेय," म्हणाली. लंडनचा प्रवासी फॉर्म आणि दुसऱ्या दिवसाच्या चाचणीची नोंद तिने पाहिली, आणि आमचे बोर्डिंग पास निघाले. आईने ते प्रमाणपत्र लॅमिनेट करून आणलं होतं. हीथ्रोला बाहेर पडेपर्यंत तिने ते पर्समध्ये ठेवलं नाही.

मावशी मुंबईतच राहिली. कोव्हॅक्सिनला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता 3 नोव्हेंबरला मिळाली आणि ब्रिटनने ती 22 नोव्हेंबरपासून धरली. तोवर ताईला मुलगी झाली होती. मावशीची लसही तितकीच खरी होती, प्रमाणपत्रही त्याच कोविनचं होतं. तरी नाळ पडायच्या आत भाची-नातीला मांडीवर घ्यायची तिची इच्छा राहिली. 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने युरोपची ही किल्ल्यांची व्यवस्था जगासाठी स्वीकारली हे वाचलं, तेव्हा मला आधी मावशीच आठवली. पुढची साथ येण्यापूर्वी देशांनी किल्ल्यांची देवाणघेवाण करून ठेवावी, आणि कुठली लस चालेल याचा निर्णय माणूस काउंटरवर पोचण्याआधी घ्यावा, एवढंच माझं मागणं आहे. बारसं आम्ही मावशी येईपर्यंत थांबवलं होतं.