जोड्या नाहीत, माळ आहे

मिओसिसच्या, म्हणजे परागकण बनताना गुणसूत्रं निम्मी करणाऱ्या पेशीविभाजनाच्या, प्रॅक्टिकलला कांद्याच्या फुलाच्या कळ्या घ्यायच्या, हे ठरलेलं. पण त्या दिवशी मी फिक्स केलेल्या (रसायनात टिकवलेल्या) कळ्या जून निघाल्या. असिटोकार्माइन या लाल रंगात परागकोश ठेचून पाहावा, तर विभाजन उरकून बसलेल्या चार-चार पेशींच्या चौकड्या. १६ गुणसूत्रांच्या ८ जोड्या दाखवायच्या होत्या, एक मिळेना.

व्हरांड्यात रिओ या शोभेच्या झाडाची कुंडी होती. प्लाझ्मोलिसिसच्या (पाणी गेल्याने पेशीतला ऐवज आकसतो, त्या) प्रयोगासाठी पानांची जांभळी साल सोलून सोलून मुलांनी तिला पार बोडकी केलेली. नावेसारख्या सहपत्रांत दडलेल्या तिच्या कळ्या सुईने काढल्या, मोठ्या टाकून मधल्या घेतल्या. "हिची गुणसूत्रं १२. सहा जोड्या मोजा," असं सांगून मी मोकळी झाले.

थोड्या वेळाने एक मुलगी म्हणाली, "मॅडम, जोड्या नाहीत. माळ आहे."

कव्हरस्लिप नीट दाबली नसेल म्हणून मी तिच्या मायक्रोस्कोपला डोळा लावला. खरंच माळ! टोकाला टोक लागलेली बारा लालसर गुणसूत्रं, एका पेशीत बंद कडं, शेजारच्या पेशीत तेच एका जागी तुटलेलं. तेव्हा कुठे मला शिकताना वाचलेलं आठवलं, आणि सहा जोड्या सांगितल्याची लाज वाटली.

या झाडाच्या गुणसूत्रांनी कधीकाळी आपापल्या टोकांचे तुकडे एकमेकांत बदलून घेतलेत. त्यामुळे एका गुणसूत्राचं एक टोक उजवीकडच्याशी जुळतं, दुसरं डावीकडच्याशी, आणि सगळी एकमेकांत गुंततात. मध्यावस्थेत, म्हणजे गुणसूत्रं पेशीच्या मधोमध आली की, ही माळ नागमोडी उभी राहिली पाहिजे: एक वर, पुढचं खाली, पुन्हा एक वर. मग पश्चावस्थेत, म्हणजे ती दोन टोकांकडे (ध्रुवांकडे) सरकताना, एकाआड एक गुणसूत्र एका ध्रुवाकडे जातं आणि ६-६ अशी बरोबर वाटणी होते. दोन शेजारी एकाच बाजूला ओढले गेले, की काही तुकडे दुप्पट, काही गायबच. तसे परागकण बहुधा वाळून जातात. टाकून दिलेल्या मोठ्या कळ्या मुद्दाम ठेचून पाहिल्या, तर टपोऱ्या लाल कणांमध्ये फिकट, पोकळ कण भरपूर होते.

तोवर त्या मुलीला पश्चावस्थेतली एक पेशी सापडली होती. फाइन फोकस वरखाली करत तिने तीनदा मोजलं, मग मला मोजायला लावलं. वर ७, खाली ५.

"जर्नलमध्ये ६-६ च काढू ना?"

"सात-पाच काढ," मी म्हटलं, "आणि ती स्लाइड धुऊ नकोस."