सोडलेले डास परत कसे आणणार? तुम्ही विचारलंत म्हणून

जालन्याजवळच्या दावलवाडीत २०१७ साली जनुक बदललेल्या डासांच्या पिंजऱ्यातल्या चाचण्या सुरू झाल्या, तेव्हापासून एकच प्रश्न कानावर पडतो: "हे डास बाहेर सोडले तर परत कसे आणणार?" आणायचे नसतातच, ते मरतात, असं मी सांगत आलो. खोटं नव्हतं, पण अर्धवट होतं.

ओएक्स५१३ए हा एडिस इजिप्तीचा, म्हणजे डेंग्यू पसरवणाऱ्या डासाचा, जनुक बदललेला वाण. त्यातलं मारक जनुक टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक असलं की गप्प बसतं. पैदाशीच्या पाण्यात ते दर मिलिलिटरला ३० मायक्रोग्रॅम घालतात. बाहेर ते मिळत नाही, म्हणून सोडलेले नर गावातल्या माद्यांशी जुगून झालेली पिल्लं डास होण्याआधीच मरतात. नर चावत नाहीत, म्हणून सोडायचे फक्त नर. त्यांची निवड कोषाच्या आकारावरून. दोन काचांमधल्या खाली निमुळत्या होत जाणाऱ्या फटीत पाण्याबरोबर कोष ओतले की माद्या वर अडकतात, नर मधे आणि अळ्या तळाला. ट्रेमध्ये दाटी झाली किंवा खाणं सगळ्यांना सारखं पोचलं नाही, तर उपाशी माद्या बारीक राहतात आणि नरांच्या पट्ट्यात उतरतात. "एकही मादी निसटत नाही" असं कुणी छातीठोक सांगितलं, तर त्याला अळ्यांना खाणं कसं घालता ते विचारा.

पण मला गप्प केलं ते जाकोबिनाने. ब्राझीलच्या बाहिया राज्यातल्या या शहरात २७ महिने, आठवड्याला याच वाणाचे सुमारे साडेचार लाख नर सोडले. २०१९च्या शोधनिबंधाने दाखवलं, की तिथल्या डासांत सोडलेल्या वाणाचे जनुकीय तुकडे मिसळले आहेत. यात नवल कसलं? टेट्रासायक्लिनविनाही ३ ते ४ टक्के पिल्लं जगतात, हे प्रयोगशाळेत आधीच कळलं होतं. अशी पिल्लं गावातल्या डासांशी जुगली की मारक जनुक पिढ्यांमध्ये गळून पडतं, पण हा वाण ज्या क्युबा-मेक्सिकोच्या डासांपासून बनवला, त्यांचा वारसा मागे राहतो.

त्याच निबंधात संकराने डास अधिक दणकट होतील असंही सुचवलं होतं. त्याला पुरावा नव्हता, आणि २०२०मध्ये नियतकालिकाच्या संपादकांनीच निबंधाला सावधगिरीची टीप जोडली. ती टीप दाखवून "बघा, काही झालंच नाही" म्हणणाऱ्यांत मीही होतो. चूक माझी. आक्षेप मांडणीवर आणि निष्कर्षांवर होता; सरमिसळ त्याने पुसली जात नाही.

आता ओएक्स५०३४ हा नवा वाण आला आहे. २०२१ साली तो अमेरिकेतल्या फ्लोरिडा कीज बेटांवर सोडला. यात फक्त माद्या मरतात, म्हणून काचेची निवडच लागत नाही. पेटीतल्या अंड्यांवर पाणी घातलं की काम झालं. नर मात्र जगतात आणि जनुक पुढे देतात. त्या जनुकाचं प्रमाण दर पिढीला साधारण निम्मं होत जातं. म्हणजे सरमिसळ इथे अपघात राहिली नाही, ती पद्धतच झाली!

मग परत कसे आणणार? नाही आणता येत. सोडणं थांबवता येतं, मग मारक जनुक विरतं आणि शेजारच्या वस्तीतले डास पुन्हा येतात. मागे राहणारा वारसा कीटकनाशकाला बळी पडणाऱ्या डासांचा आहे, तेव्हा तो उलट फायद्याचाच, असं समर्थक सांगतात. मला ते निम्मंच पटतं.