जरा बघ

१४ तारीख, रात्री

आज जीएसटीची टूबी (जीएसटीआर-२बी) आली. कोणत्या पुरवठादाराने आपल्या पार्टीच्या, म्हणजे अशिलाच्या, नावावर कोणती बिलं चढवली, त्याचा उतारा. तो १४ ला पोर्टलवर पडतो, २० ला थ्रीबी, म्हणजे महिन्याचं विवरणपत्र, भरायची असते, आणि मधले सहा दिवस आमच्या सांगलीच्या सीए ऑफिसात चहासुद्धा उभ्याउभ्या होतो.

पण लिहायला बसले ते त्यासाठी नाही. दुपारी एका इलेक्ट्रिकल सामानाच्या दुकानदाराची नोटीस समोर होती. एएसएमटी-१०, छाननीची. २०२२-२३ मध्ये थ्रीबीत घेतलेलं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, टूबीपेक्षा जास्त का, खुलासा करा. उत्तराला ३० दिवस. त्यातले १९ पार्टीने नोटीस ईमेलमध्ये तशीच पडू देण्यात घालवलेले. अशा उत्तरांचा कच्चा मसुदा मी हल्ली चॅटजीपीटीकडून करून घेते. पार्टीचं नाव, जीएसटी नंबर, सगळं काढून मग. एवढं पथ्य पाळते.

त्याला काय लिहिलं ते मागाहून मोजलं. अकरा ओळी. व्यवसाय काय, फरक किती, कोणत्या महिन्यांतला, उत्तर वाचणारा अधिकारी कोण आणि त्याला नेमकं काय हवंय, आधी तक्ता मग मजकूर, दोन पानांच्या वर नको, भाषा नम्र पण गयावया नको. खात्री नसेल ते वेगळं काढून दाखव. शेवटी, ‘सुरू करण्याआधी काही विचारायचं असेल तर विचार.’

आणि बरोबर चार वाजता आमच्या आर्टिकलला, म्हणजे हाताखाली सीएचं काम शिकणाऱ्या मुलीला, व्हॉट्सअॅपवर पाठवलेला निरोप: ‘फाउंड्रीची नोटीस आहे ना, जरा बघ.’

दोन्ही एकाच दिवशी, एकाच बाईने, एकाच बोटांनी टाइप केलेलं. फाउंड्रीची नोटीस जास्त अवघड आहे, हे वर.

‘जरा बघ’ म्हणजे काय? वाचून ठेव? आकडे जुळव? उत्तर लिहून आण? पार्टीला फोन कर? मलाच आता सांगता येत नाही, तेव्हा माझ्या मनात काय होतं ते. बहुधा काहीच नव्हतं. फाइल माझ्या टेबलावरून तिच्या टेबलावर गेली की माझ्या डोक्यातून गेली, एवढाच त्याचा अर्थ असावा.

१६ तारीख

झोप नाही. थोडंसंच.

२०२३ मध्ये हे चॅटजीपीटी प्रकरण नवीन असताना मीही त्याला ‘जीएसटीच्या नोटिशीला उत्तर लिहून दे’ एवढंच सांगितलं होतं. जे आलं ते जगातल्या कुठल्याही नोटिशीला चाललं असतं, म्हणजे कुठल्याच नोटिशीला नाही. तेव्हा मी चिडले नाही. ‘आपण काही सांगितलंच नाही’ म्हणून पुन्हा लिहिलं. मग पुन्हा. महिन्याभरात सांगण्याची रीत हाताला बसली.

यंत्राच्या बाबतीत चूक माझी, हे मला इतक्या चटकन का पटलं? मला वाटतं, तिथे माझी पत पणाला लागलेली नसते. ते मला मॅडम म्हणून मानतं की नाही याची मला फिकीर नाही. ऑफिसात मात्र ‘मी नीट सांगितलं नाही’ हे वाक्य तोंडातून यायला बारा वर्षांची प्रॅक्टिस आडवी येते.

शिवाय आम्ही तसेच शिकलो. आमचे सर फाइल पुढे टाकायचे आणि म्हणायचे, पाण्यात पडलं की पोहता येतं. आलंही. पण आम्हाला आर्टिकलशिपची तीन वर्षं होती. जुलै २०२३ पासून ती दोन झाली आहेत. त्यातलं निम्मं वर्ष या मुलीचं माझं मन ओळखण्यात गेलं असणार.

१७ तारीख, रात्री उशिरा

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

यंत्राचा पहिला मसुदा बेताचा होता, म्हणून नमुना म्हणून आमचंच एक जुनं उत्तर नावं खोडून त्याला दिलं. नमुना दिला की काम एकदम सुधारतं, हा अनुभव आहे. या वेळीही सुधारलं. मांडणी आमच्यासारखी, सूर आमच्यासारखा. आणि तिसऱ्या परिच्छेदात रुबाबात २७ डिसेंबर २०२२ चं जीएसटीचं परिपत्रक क्रमांक १८३.

ते परिपत्रक २०१७-१८ आणि २०१८-१९ या दोन वर्षांसाठी आहे. तेव्हा पुरवठादाराने बिल चढवलेलं नसलं तरी त्याचं प्रमाणपत्र आणून क्रेडिट वाचवता यायचं. एका पुरवठादाराचा वर्षाचा फरक पाच लाखांवर असेल तर सीएचं प्रमाणपत्र लागायचं. पुढे जुलै २०२३ मध्ये १९३ क्रमांकाचं आलं, त्याने ही सोय ३१ डिसेंबर २०२१ पर्यंत ओढली. पण १ जानेवारी २०२२ पासून कायदाच बदलला. बिल टूबीत दिसलं पाहिजे, ही कलम १६ मधलीच अट झाली. २०२२-२३ च्या नोटिशीला १८३ लावणं म्हणजे रद्द झालेल्या गाडीचं तिकीट टीसीला दाखवणं.

मी शांतपणे लिहिलं, ‘नमुना फक्त मांडणीसाठी होता, कायद्याचा आधार त्यातून घेऊ नकोस. हे २०२२-२३ आहे, १ जानेवारी २०२२ नंतरची अट लागू.’ एंटर.

एंटर दाबलं आणि हात तिथेच थांबला.

गेल्या ऑगस्टमध्ये हीच चूक आमच्या आर्टिकलने केली होती. हीच म्हणजे अक्षरशः हीच. तिलाही मी हेच जुनं उत्तर दिलं होतं, ‘याच्यासारखं कर’ म्हणून. तिने त्याच्यासारखं केलं, १८३ सकट. अख्ख्या ऑफिससमोर मी म्हटलं होतं, ‘वर्ष तरी बघायचं गं, एवढंही कळत नाही?’ ती ‘सॉरी मॅडम’ म्हणाली. अण्णांनी लेजरमधून मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. अण्णा बाबांच्या वेळेपासूनचे अकाउंटंट. त्यांच्या मान खाली घालण्याला अर्थ असतो.

नमुन्यातलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं, हे तिला कुणी सांगितलं होतं? कायदा वाचायची जबाबदारी तिची होती, हे खरंच. तेवढी सूट मी तिला देणार नाही. पण नमुना दाखवणाऱ्यानेच त्याची मुदत सांगायची असते, आणि दाखवणारी मी होते.

आणखी एक. यंत्राने लिहिलेलं मी ओळ न् ओळ तपासते, कारण २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात त्या वकिलांचं काय झालं ते वाचलंय. चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे त्यांनी दाखल केले, आणि पाच हजार डॉलर दंड बसला. म्हणून यंत्रावर पहारा. मुलीचं काम मात्र गर्दीच्या दिवसांत वरवर चाळून पुढे सरकवायचं, आणि चूक सापडली की आवाज चढवायचा. सही दोन्हीकडे माझीच असते.

१९ तारीख

काल तिला बोलावून फाउंड्रीच्या नोटिशीबद्दल बसून सांगितलं. वीस मिनिटं गेली. मी बोलत होते, ती ‘हो मॅडम, हो मॅडम’ करत होती, आणि मला एकदम त्या यंत्राचं ‘नक्कीच!’ आठवलं. त्याला काहीही सांगा, कळो न कळो, ‘नक्कीच!’ त्याची घडणच तशी. हिचं ‘हो मॅडम’ मी घडवलंय. यंत्राने विचारावं म्हणून मी वेगळी ओळ लिहिते. हिने विचारलं की माझ्या कपाळावर आठी पडते, आणि आठी तिला दिसते.

म्हणून म्हटलं, आज आकडे जुळवू नकोस. कागद वाच आणि प्रश्न लिहून आण. उत्तरं नकोत.

ती जरा गोंधळून गेली. तिला ती परीक्षा वाटली असावी.

दरम्यान माझ्या उत्साहाला अण्णांनी लगाम घातला. त्यांच्या तीन थ्रीबी बाकी होत्या, तर मी पठ्ठीने त्यांनाही चांगली पानभर सूचना लिहून दिली. कोणत्या पार्टीचं आधी, कुठे काय तपासा, कधीपर्यंत. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून कागद शेवटपर्यंत वाचला, चार घड्या घालून खिशात ठेवला आणि विचारलं, ‘ताई, मला काढून टाकायचा विचार आहे का?’

मी हसले, ते हसले नाहीत.

यंत्राची नवी खिडकी उघडली की कोरी पाटी, तिथे अकरा ओळी रोज लागतात. अण्णांच्या डोक्यात त्या पार्ट्यांची वीस वर्षं आहेत. कोणाचा मुलगा धंदा बघत नाही इथपासून कोण बिलं उशिरा पाठवतो इथपर्यंत. त्यांना पान देणं म्हणजे ती वीस वर्षं पुसणं. त्यांच्यासाठी ‘अण्णा, तेवढं बघा’ हीच पूर्ण सूचना आहे. आणि मुलीच्या अकरा ओळी पुढच्या वर्षी पाच व्हायला हव्यात, जाताना दोन. नाही झाल्या तर तिला दोन वर्षं नुसतं राबवलं, असा त्याचा अर्थ.

संध्याकाळी अण्णांसाठी भडंग मागवला. माफी मागायची आमची पद्धत.

२० तारीख, रात्री ११

थ्रीबी सगळ्या गेल्या. पोर्टल दुपारभर रडत होतं, साडेआठला सुटलं.

दुकानदाराचं उत्तर तयार आहे. फरक सरळ निघाला. पुरवठादाराने फेब्रुवारीची बिलं मेमध्ये चढवली, म्हणजे ती पुढच्या वर्षाच्या टूबीत गेली, आणि पार्टीने क्रेडिट घेतलं फेब्रुवारीतच. आता मधल्या काळात क्रेडिट लेजरची शिल्लक त्या रकमेच्या खाली गेली होती का, तेवढं बघायचं. गेली नसेल तर ते क्रेडिट वापरलंच गेलं नाही, म्हणून व्याजही नाही.

सात वाजता मुलगी वही घेऊन दारात उभी. वेळ इतकी वाईट की तोंडात ‘नंतर’ आलंच होतं. वही घेतली.

सहा प्रश्न होते. पहिले दोन तिला स्वतःला सुटले असते. तिसरा मुदतीबद्दल, चांगला होता. चौथा असा: टूबीत एका भंगारवाल्या पुरवठादाराची क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद) दिसते, आपल्या खरेदीच्या रजिस्टरला ती नाही, माल खरंच परत गेला होता, की नुसता भाव कमी करून घेतला?

मला माहीत नव्हतं. नोटीस मी दोनदा वाचली होती आणि ती क्रेडिट नोट माझ्या नजरेतून सुटली होती.

तिला म्हटलं, उद्या सकाळी फाउंड्रीवाल्यांना तूच फोन कर. ती म्हणाली, ‘मॅडम, काय विचारू नक्की?’

बसलो मग दोघी, ऑफिस बंद करायच्या आधी, तेवढं ठरवायला.