तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, ही गाडी जुनी का घेतली

गणपतीला हॉलच्या दारात मी गाडीचं मागचं दार वर करते, रॅम्प खाली सोडते, ह्यांची व्हीलचेअर धरून धरून उतरवते, आणि पट्टे गुंडाळून होण्याआधी कोणीतरी विचारतंच. "वहिनी, इथे इंग्लंडमध्ये अपंगांना सरकार नवी गाडी देतं ना? मग तुम्ही ही कोणाचीतरी वापरलेली का घेतलीत?" दिवाळीला तेच, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तेच. मागे सांगलीहून नणंदेचा फोन आला, तिनेही तेच विचारलं आणि वर म्हणाली, "तिकडे तर फुकट मिळते म्हणे." आजवर मी सगळ्यांना "नियमात बसत नाही हो" एवढंच सांगून ताटं वाढायला आत जात आले. आज एकदा नीट सांगते.

फुकट हा शब्द आधी काढून टाका. अपंगांना सरकारकडून मिळणाऱ्या पिप नावाच्या भत्त्यात चालण्याफिरण्याचा एक भाग असतो. त्याचा वरचा दर ज्याला मंजूर आहे, त्याने ते पैसे दर आठवड्याला मोटॅबिलिटी नावाच्या, अपंगांना गाड्या पुरवणाऱ्या योजनेकडे वळवायचे आणि त्या बदल्यात गाडी भाड्याने घ्यायची. आम्ही गाडी घेतली त्या २०२३ साली हा दर आठवड्याला ७१ पौंड होता, म्हणजे वर्षाचे ३,६९२. विमा, सर्व्हिसिंग, टायर, रस्त्यात बंद पडली तर मदत, हे सगळं त्यात येतं, ते खरं आहे. पण महागातली गाडी हवी असेल तर सुरुवातीला रोख भरावी लागते आणि ती रक्कम परत मिळत नाही. साधी गाडी तीन वर्षांनी परत द्यायची, व्हीलचेअरसकट आत जाता येईल अशी असेल तर पाच वर्षांनी. परत आलेली गाडी व्यापाऱ्यांना विकली जाते आणि त्यांच्याकडून कोणीही ती घेऊ शकतं. एका अपंग माणसाच्या वाटणीची गाडी मी लाटली, असं माझ्या पाठीमागे बोललं गेलंय. ज्यांनी ते म्हटलं त्यांनी एवढं वाचावं.

आता नवी का नाही. ह्यांना स्ट्रोक आला नोव्हेंबर २०२२ मध्ये, वयाच्या ६७व्या वर्षी. तेव्हा पेन्शनचं वय ६६ होतं. एकदा ते ओलांडलं की पिपसाठी पहिल्यांदा अर्ज करता येत नाही. त्यानंतर मिळतो तो अटेंडन्स अलाउन्स, तोही सहा महिने थांबल्यावर. ह्यांना त्याचा वरचा दर मिळाला, आठवड्याला १०१.७५ पौंड. अंघोळ कोण घालतं, कपडे कोण चढवतं, रात्री कोण उठतं, हे सगळं त्यात विचारतात. माणूस घराबाहेर कसा पडणार, हे विचारत नाहीत. त्या भत्त्यात फिरण्याचा भागच नाही, म्हणून मोटॅबिलिटी नाही, आणि रोड टॅक्सची माफीही नाही. अपंगांना गाडी लावायला सवलत देणारा ब्लू बॅज तेवढा मिळाला, कारण त्याला वयाची अट नाही. ज्याला पेन्शनच्या वयाआधी पिपचा वरचा दर मंजूर झाला, त्याचा तो पुढेही चालू राहू शकतो, आणि गाडीही. म्हणजे दोन माणसांचे पाय सारखेच गेलेले, पण एकाचे वेळेत गेले आणि दुसऱ्याचे उशिरा. हा नियम मला अन्यायाचा वाटतो आणि मी तो अन्यायाचाच म्हणणार.

इथपर्यंतचं उत्तर कोणालाही देता येतं. पुढचं मी देत नाही.

२०१९ चा उन्हाळा. हे ६४ वर्षांचे, ट्रेडिंग इस्टेटमधल्या कारखान्यात अजून कामाला जायचे. साखर वीस वर्षांची. दोन्ही पावलं बधिर, उजव्या पायाची दोन बोटं काढलेली. स्लाऊच्या हाय स्ट्रीटवर चालताना हे पंधरा-वीस पावलांनी थांबायचे, आणि थांबल्याचं कळू नये म्हणून दुकानाच्या काचेकडे बघत उभे राहायचे. बायकांच्या चपलांच्या दुकानासमोरसुद्धा. लेकीच्या ते लक्षात आलं. तिने फोन करून पिपचा अर्ज मागवला. जाडजूड लिफाफा आला. महिन्याच्या आत भरून पाठवायचा होता. हे म्हणाले, "मला काय झालंय? मी कमावतो, कोणापुढे हात पसरणार नाही." कामावर जाणाऱ्यालाही पिप मिळतो, हे लेकीने सांगून पाहिलं. ह्यांचा स्वभाव तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे ह्यांनी अर्ज केला नाही असं मी म्हटलं की तुम्ही लगेच मान डोलावता.

पण तो लिफाफा ड्रॉवरमध्ये ह्यांनी टाकला नाही. मी टाकला.

त्या महिन्यात लेकीचं जमत होतं. मुलगा बर्मिंगहॅमचा, आईवडील पुण्याहून येणार होते. आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर फॉर्म, वर छापलेलं की तुमच्या अपंगत्वाचा तुमच्यावर कसा परिणाम होतो. मी तो उचलला आणि चादरींच्या खाली सरकवला. पाहुणे गेले की बघू म्हटलं. पाहुणे आले, जेवले, त्यांना घर आवडलं. ते परत गेले तेव्हा मुदतीचे आठ दिवस उरले होते, आणि मी फॉर्म काढला नाही. लेकीने विचारलं, "आई, पाठवला का?" मी म्हणाले, "बाबा नको म्हणतात." ते म्हणत होतेच. मी त्यांच्या नकाराच्या आडोशाला उभी राहिले. पुढच्या वर्षी कोविड आला, घरातून कोणी हललंच नाही, आणि जानेवारी २०२१ मध्ये ह्यांना ६६ पूर्ण झाली. केक कापला.

आता फेब्रुवारी २०२३. हे माझ्या घशाखाली अजून उतरत नाही, तरी लिहिते.

इस्पितळात फिजिओची वेळ होती. तेव्हा आमच्याकडे जुनी छोटी हॅचबॅक होती. ह्यांची उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली. "अगं" आणि "नाही" एवढे दोनच शब्द उरले होते. खुर्चीतून गाडीच्या सीटवर सरकवायला एक गुळगुळीत फळी मिळाली होती, आणि ती कशी वापरायची हे मला शिकवलंही होतं. एक टोक मांडीखाली, दुसरं सीटवर, मग चांगल्या हाताने जोर देत हळूहळू. घरासमोर जमायचं. त्या दिवशी फिजिओ आटोपून परत निघालो तेव्हा पाऊस होता, आणि गाडी लावलेली जागा किंचित उताराची. मी घाई केली. ह्यांच्या अंगावर पाणी पडतंय हेच माझ्या डोक्यात. खुर्चीचा डावा ब्रेक लावला, उजवा लावला असं मला वाटलं.

हे अर्धे फळीवर आले आणि खुर्ची मागे गेली. पडण्याचा मोठा आवाज वगैरे झाला नाही. हे फळीवरून घसरले आणि गाडीचा उंबरा आणि खुर्ची यांच्या मधल्या जागेत बसले, एक पाय दुमडून खाली. ऐंशी किलोचा माणूस. मी काखेत हात घालून ओढलं, दोनदा, तिसऱ्यांदा. जागचे हलले नाहीत. "अगं," म्हणाले. मग पुन्हा "अगं". दोन माणसं धावत आली, एक बाई कोणालातरी बोलवायला आत पळाली. आतून नर्स आली. पाय तपासल्याशिवाय उचलायचं नाही, हॉइस्ट, म्हणजे माणसाला उचलायचं यंत्र, मागवते, म्हणाली. तिचं बरोबरच होतं. मी छत्री धरून उभी. हॉइस्ट यायला वीस-पंचवीस मिनिटं गेली असतील. तेवढ्या वेळात ह्यांना लघवी झाली. पावसाचं पाणी आणि ते पाणी एकच दिसत होतं, इतरांना कळलं नसेल. मला कळलं, कारण ह्यांनी तोंड फिरवलं आणि मागच्या चाकाच्या नटांकडे बघत राहिले, तसेच, दुकानाच्या काचेकडे बघायचे तसे. मग मी छत्री मिटली आणि डांबरावर ह्यांच्या शेजारी बसले.

हाड मोडलं नाही. पण त्यानंतर अकरा आठवडे ह्यांनी उंबरा ओलांडला नाही. गाडीची किल्ली हातात दिसली की "नाही". फिजिओ घरी येईना, आम्ही तिकडे जाईना. वसंत ऋतूत माझ्या लक्षात आलं, ह्यांना खुर्चीतून काढायचंच नाही अशी गाडी मिळाली तरच हे बाहेर पडतील.

अशी नवी गाडी व्हीलचेअर वापरणाऱ्याला व्हॅट माफ होऊन मिळू शकते. तरी ती आमच्या पेन्शनीत बसणारी नव्हती. मग मोटॅबिलिटीतून पाच वर्षांनी परत आलेल्या गाड्या विकणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे गेलो. बर्लिंगो, ३१,००० मैल, १३,४०० पौंड. पाच वर्षांचं सर्व्हिसिंग योजनेतूनच झालेलं, सगळ्या नोंदी जागेवर. एमओटीचा, म्हणजे गाडीच्या दर वर्षीच्या सक्तीच्या तपासणीचा, इतिहास सरकारी संकेतस्थळावर फुकट बघता येतो, तो लेकीने काढला. अशी परत आलेली साधी हॅचबॅक घेणारी नर्सिंगची मुलं मला विचारतात, त्यांना मी हेच दोन कागद बघायला सांगते, आणि पायांऐवजी हाताने चालवायची यंत्रणा काढली असेल तर डॅशबोर्डखाली स्क्रूची भोकं कशी बुजवलीत ते. तेवढं पुरे.

खुर्चीच्या गाडीचं मात्र वेगळं असतं. त्यात मागची जमीन कापून खाली बसवलेली असते, म्हणून प्रत्येक स्पीड बंपवर जीव मुठीत धरायचा. माणूस खुर्चीत बसलेला असताना चाकापासून टाळूपर्यंत मोजायचं आणि मग मागच्या दाराची उंची बघायची. आम्ही आधी पाहिलेल्या गाडीत ह्यांचं डोकं दीड इंचाने अडत होतं. मान वाकवली की जात होतं, व्यापारीही तेच म्हणाला. मी नको म्हटलं. ह्यांनी आयुष्यभर मान वर ठेवून चालायचा प्रयत्न केलाय. खुर्ची रॅम्पवरून वर ओढणाऱ्या विंचचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बघा, दोरे सुटलेत का ते. खुर्ची बांधायचे चारही पट्टे कुलपात बसताना आवाज येतो, तो ऐका.

मागच्या दाराच्या आत, पत्र्यावर एक पांढरी चिठ्ठी चिकटवलेली होती. इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत, हाताने लिहिलेलं: आधी ब्रेक, मग पट्टे. व्यापारी नखाने काढायला लागला. मी त्याचा हात धरला.

"मागचा माणूस गेला असेल म्हणून परत आली ना गाडी? तुम्हाला कसंतरी होत नाही?" हेही मला विचारलंय, आणि विचारणारी माझ्या जवळची आहे. पाच वर्षं भरली म्हणून आली, कागदावर तारखा आहेत. आणि गेला असला तरी त्याच्या घरातल्या कोणीतरी माझ्यासारखीच रोज दोन ब्रेक लावले असतील. मला त्या गाडीत भीती वाटत नाही. मला भीती त्या हॅचबॅकची वाटायची.

एक गोष्ट सलते. ह्यांना मागे बसावं लागतं. मी १९८४ साली लग्न करून इथे आले तेव्हा रस्त्यावर अपंगांच्या फिकट निळ्या तीन चाकी गाड्या दिसायच्या. आत एकच सीट. मोटॅबिलिटी १९७७ मध्ये सुरू झाली, पण त्या निळ्या गाड्या २००३ च्या मार्चपर्यंत रस्त्यावर होत्या. हे तेव्हा म्हणाले होते, "ह्यात बायकोने कुठे बसायचं?" चाळीस वर्षं हे चालवायचे आणि मी शेजारी. आता आमच्या गाडीत शेजारची सीट रिकामी आणि हे माझ्या पाठीमागे. मी मधला आरसा ह्यांच्यावर लावलाय, रस्त्यासाठी बाजूचे आरसे वापरते.

राहता राहिला फॉर्म. समजा पाठवला असता. वरचा दर मिळायला बारा गुण लागतात, आणि नुसत्या चालण्यावर ते वीस मीटरपुढे जाता येत नसेल तरच मिळतात. हे वीस मीटर जायचे. नियम असंही म्हणतो की सुरक्षितपणे, वाजवी वेळात आणि पुन्हा पुन्हा जमलं तरच ते जमतं असं धरायचं. काचेसमोर थांबत थांबत जाणं ह्यात बसतं का? आणि खालचा दर मिळाला असता, तर पेन्शनच्या वयानंतर तो वाढवून मिळत नाही, म्हणजे गाडी तरीही नाहीच. हे गणित मी शंभरदा मांडलंय आणि दर वेळी मला सोयीचं उत्तर काढलंय. मग ते डांबर आठवतं. तेव्हाच्या मला मी विचारते, पाहुणे गेल्यावर आठ दिवस होते, त्यांचं काय? ती म्हणते, लेकीचं लग्न झालं ना नीट? झालं. जावई सोन्यासारखा आहे, खरं सांगायचं तर त्याला फॉर्म दिसला असता तर त्याने तो स्वतः भरला असता.

रविवारी दोघं येतात तेव्हा गाडी लेक चालवते आणि मला बाबांच्या बाजूच्या घडीच्या सीटवर मागे बसवते. पट्टे तीच लावते, आधी ब्रेक. फॉर्मचं पुढे काय झालं हे तिने त्यानंतर एकदाही विचारलेलं नाही. राहायला आली की चादरी त्याच ड्रॉवरमधून काढते. लिफाफा अजून तिथेच आहे.