स्मिस्लोव आणि आमचे बुवा

मी कणकवलीजवळच्या गावात पोरांना बुद्धिबळ शिकवतो आणि रात्री भजनात पखवाजावर बसतो. त्यामुळे ग्रँडमास्टरांमध्ये मला जवळचा वाटतो तो वसिली स्मिस्लोव. १९५७ मध्ये बोटविनिकला हरवून तो जगज्जेता झाला, पुढच्याच वर्षी परतीच्या लढतीत किताब गेला. हे पटावरचं.

पण त्याआधी, १९५० मध्ये, त्याने मॉस्कोच्या बोल्शोय थिएटरात गायक म्हणून चाचणी दिली होती. निवड झाली नाही. गाणं मात्र सोडलं नाही त्याने. पुढे कार्यक्रम करायचा, कधी पियानोवर साथीला मार्क ताइमानोव. हाही ग्रँडमास्टर, आणि मैफली गाजवणारा पियानोवादक. (१९७१ मध्ये फिशरने त्याला ६-० हरवलं, लोकांना तेवढंच आठवतं. अन्यायच म्हणायचा.)

हे मी आमच्या भजनीबुवांना सांगितलं. डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्यात, समोरच्या बुवाला गजरातूनच उत्तर देणारा हा गडी. म्हणाले, "मास्तरानू, गाणारो माणूस चार तास गप कसो बसतलो?"

बसला की! ६३व्या वर्षी, १९८४ मध्ये, तो कँडिडेट्सच्या, म्हणजे जगज्जेत्याला आव्हान कोण देणार हे ठरवणाऱ्या स्पर्धेच्या, अंतिम फेरीत विशीतल्या कास्पारोवसमोर बसला होता. हरला. म्हातारपणी नजर अधू झाल्यावरही डावाच्या शेवटाची कोडी रचत राहिला. मला ती त्याच्या जगज्जेतेपदाहून मोठी वाटतात. बुवांना कोड्यांचं काही नाही. त्यांचं एकच, "तेच्या गाण्याची रेकॉर्ड गावता काय बघा."